न चाखता विकत घेतलेली वाइन: दुर्मीळ बाटल्यांच्या लिलावात किंमत कशी ठरते

दुर्मीळ वाइनच्या लिलावाचा कॅटलॉग वाचायला घेतला, तर नवख्या वाचकाचा पहिल्या पानावरच गोंधळ उडतो. वाइनची चव कशी आहे, तिला कोणता गंध येतो, याविषयी तिथे फारसे काही नसते. ‘पातळी खांद्याच्या वरच्या भागापर्यंत, लेबलवर ओलीचे डाग, बुचावरचे आवरण किंचित गंजलेले, मूळ लाकडी पेटी नाही’ अशा नोंदी मात्र एकाखाली एक दिलेल्या असतात. एखाद्या रुग्णाच्या तपासणीचा अहवाल असावा, तसे हे वर्णन वाटते. त्यामागचे कारण साधे आहे: चव पाहण्यासाठी बूच काढले, की विकण्यासारखे काहीच उरत नाही. त्यामुळे हजारो, प्रसंगी लाखो डॉलर मोजणाऱ्या माणसाला बाटलीतल्या द्रवाचा अंदाज बाहेरच्या खुणांवरून आणि सोबतच्या कागदपत्रांवरूनच बांधावा लागतो. या बाजारातले जवळजवळ सगळे नियम, सगळे वाद आणि सगळ्या फसवणुकी या एका अडचणीतून निर्माण झालेल्या आहेत.

जगात तयार होणारी बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत पिऊन संपावी, याच हेतूने केलेली असते. ती पंचवीस वर्षे ठेवली तर सुधारत नाही, बिघडते. लिलावात येणारी वाइन त्या मानाने फारच थोडी. जिच्यात आम्लता, टॅनिन किंवा साखर यांचे प्रमाण असे जमून आलेले असते की ती बाटलीत दीर्घकाळ हळूहळू बदलत राहते, तीच या बाजारात टिकते. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि लाकडी पिंपातून उतरणारा तुरटपणा. वर्षे जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जड होतात आणि गाळ बनून तळाशी बसतात. तोंडात टोचणारा तुरटपणा त्यामुळे मऊ होतो, लाल रंग विटकरी छटेकडे झुकतो आणि ताज्या फळांच्या वासाच्या जागी सुकी पाने, चामडे, तंबाखू, ओली माती यांची आठवण करून देणारे गंध येऊ लागतात. हा बदल सावकाश आणि नीट व्हावा म्हणून बाटली अंधाऱ्या, थंड आणि थोड्या दमट जागी आडवी ठेवावी लागते. साधारण १२ ते १३ अंश सेल्सिअस तापमान त्यासाठी योग्य मानले जाते. बाटली आडवी ठेवण्याचे कारण असे की बूच वाइनने भिजलेले राहिले तर फुगून घट्ट बसते. ते सुकले तर आकसते आणि हवा आत शिरते.

कॅटलॉगमधील ‘पातळी’ या शब्दाला एवढे वजन का, हे यावरून कळते. बूच कितीही चांगले असले, तरी दशकानुदशके त्यातून थोडी थोडी वाइन उडून जाते आणि बाटलीतली पातळी खाली येते. फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशातील बाटलीला स्पष्ट खांदे असतात, म्हणून तिथे मानेपर्यंत, मानेच्या तळापर्यंत, खांद्याच्या वर, खांद्याच्या मध्यावर, खांद्याच्या खाली अशी भाषा वापरतात. फ्रान्सच्याच बर्गंडी प्रदेशातील बाटलीचे खांदे उतरते असल्याने तिथे बुचाच्या खाली किती सेंटिमीटर रिकामी जागा आहे, हे मोजून लिहितात. १९४५ च्या बोर्दोची पातळी खांद्याच्या वरच्या भागात असेल, तर जाणकार ते वयाला साजेसे मानतो. तीच पातळी वीस वर्षांच्या बाटलीत दिसली, तर ती कुठेतरी उष्णतेत पडून राहिली असावी, असा संशय येतो. उलट, ऐंशी वर्षांच्या बाटलीत वाइन अगदी मानेपर्यंत भरलेली असेल, तरीही शंका घ्यावी. नव्याने बूच बसवताना ती वर भरून घेतली असेल, तर तशी नोंद कुठेतरी हवी. नोंद नसेल, तर विक्रेत्याला विचारायला हवे. परीक्षक बाटलीमागे लहान दिवा धरून रंग, गाळ आणि पातळी पाहतो, तेव्हा तो या सगळ्या गोष्टी एकमेकींशी जुळतात का, हे तपासत असतो.

लिलावाची पद्धत त्या मानाने सोपी आहे. विक्रेता आपला साठा लिलावगृहाकडे देतो, परीक्षक तो तपासतात आणि एक किंवा अनेक बाटल्यांचे ‘लॉट’ पाडले जातात. प्रत्येक लॉटला किमान आणि कमाल असा अंदाज दिलेला असतो. त्याखेरीज विक्रेत्याशी ठरवलेली एक राखीव किंमत असते. ती जाहीर करत नाहीत आणि बोली तिथपर्यंत पोहोचली नाही तर माल विकला जात नाही. बोली सभागृहातून, फोनवरून, इंटरनेटवरून किंवा आधीच लेखी कळवून देता येते. हातोडा पडतो तो आकडा म्हणजे हातोड्याची किंमत. पण खरेदीदाराला त्यावर लिलावगृहाचे अधिमूल्य द्यावे लागते आणि ते बहुधा २० ते २५ टक्के किंवा त्याच्या आसपास असते. विक्रेत्याकडूनही अनेकदा दलाली कापली जाते. समजा, हातोडा १०,००० डॉलरवर पडला, अधिमूल्य २५ टक्के आणि दलाली १० टक्के आहे. अशा वेळी घेणारा १२,५०० देतो, विकणाऱ्याच्या हाती ९,००० पडतात आणि मधले ३,५०० व्यवहारातच जातात. वाइन म्हणजे हमखास वाढणारी गुंतवणूक असे सांगणारी जाहिरात वाचताना हे गणित जवळ ठेवावे. साठवणुकीचे भाडे आणि विमा यांचा हिशेब तर अजून केलेलाच नाही.

हा व्यापार जुना आहे. जेम्स ख्रिस्ती यांनी १७६६ मध्ये लंडनमध्ये केलेल्या पहिल्या विक्रीतही माडेरा बेटावरची वाइन आणि बोर्दोची लाल वाइन होती. वाइनसाठी स्वतंत्र विभाग मात्र त्यांच्या ख्रिस्तीज या लिलावगृहात १९६६ मध्ये वाइनतज्ज्ञ मायकेल ब्रॉडबेंट यांच्या हाताखाली सुरू झाला. जुन्या घराण्यांच्या तळघरांत विसरून गेलेले साठे त्यानंतर पद्धतशीरपणे मोजले गेले, नोंदवले गेले आणि बाजारात आले. पुढे न्यूयॉर्क हे मोठे केंद्र झाले. २००८ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगने वाइनवरील आयातकर पूर्ण काढून टाकल्यावर लिलावगृहांनी आपला मोर्चा तिकडे वळवला. थोड्याच काळात बोर्दोच्या शातो लाफीतसारख्या नावांना तिथे अभूतपूर्व मागणी आली.

काही नावांना इतकी किंमत का मिळते, याचे उत्तर काही अंशी इतिहासात आहे. बोर्दोमध्ये १८५५ साली, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने, त्या वेळच्या बाजारभावाच्या आधारे तिथल्या वाइनची प्रतवारी ठरवली गेली. पहिल्या श्रेणीत तेव्हा चार नावे होती. १९७३ मध्ये मूताँ-रॉथशील्डला बढती मिळून ती पाच झाली, आणि एवढा एक मोठा बदल सोडला तर ही उतरंड जवळपास जशीच्या तशी राहिली आहे. बर्गंडीत मात्र मान मिळतो तो जमिनीच्या तुकड्याला. तिथे एका पायवाटेच्या अलीकडचा मळा आणि पलीकडचा मळा यांच्या वाइनच्या किमतीत अनेकपटींचा फरक असू शकतो. व्होन-रोमाने गावातला रोमाने-काँती हा मळा अवघा सुमारे १.८ हेक्टरचा आहे. वर्षाकाठी त्यातून काही हजारच बाटल्या निघतात आणि त्या जगभर वाटल्या जातात. मागणी वाढली म्हणून हा मळा एका वाफ्यानेही वाढवता येत नाही.

याच मळ्याच्या १९४५ च्या वाइनची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण किंमत ज्या ज्या गोष्टींनी वाढते त्या बहुतेक सगळ्या तिच्यात एकत्र आलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाचा मुळे खाणारा कीटक अमेरिकेतून युरोपात आला आणि त्याने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. त्याला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलींच्या मुळांवर युरोपीय वेलींचे कलम करणे हा उपाय सापडला आणि हळूहळू सगळीकडे तो स्वीकारला गेला. रोमाने-काँतीच्या मालकांनी मात्र खर्चिक रासायनिक उपचार करत जुन्या, कलम न केलेल्या वेली कित्येक दशके जगवल्या. दुसऱ्या महायुद्धात ते रसायन मिळेनासे झाले, मजूरही मिळेनात आणि वेली खंगत गेल्या. १९४५ च्या हंगामात त्यांच्यापासून जेमतेम ६०० बाटल्या निघाल्या. त्यानंतर वेली उपटून नव्याने लागवड केली गेली आणि १९४६ पासून १९५१ पर्यंत या मळ्याची वाइन झालीच नाही. म्हणजे त्या ६०० बाटल्या एका संपलेल्या पिढीच्या शेवटच्या फळांच्या आहेत, आणि त्यांतल्या किती अजून न उघडलेल्या उरल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

१३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीज या लिलावगृहाच्या विक्रीत यांपैकी एक बाटली आली. तिचा कमाल अंदाज ३२,००० डॉलर होता. ती विकली गेली ५,५८,००० डॉलरना, अधिमूल्य धरून. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीसाठीचा तो त्या वेळचा उच्चांक होता. लगेच दुसरी बाटली आली आणि ती ४,९६,००० डॉलरना गेली. अंदाजाच्या कितीतरी पट बोली चढली, ती केवळ दुर्मीळपणामुळे चढली असे मला वाटत नाही. या बाटल्या रॉबेर ड्रुआँ यांच्या खासगी तळघरातून आल्या होत्या. ड्रुआँ हे बर्गंडीतील बोन गावचे जुने वाइन व्यापारी घराणे, आणि रोमाने-काँतीच्या वाइनचे वितरण त्यांनी अनेक वर्षे केले होते. म्हणजे बाटली मळ्यातून निघाली, काही किलोमीटरवरच्या तळघरात गेली आणि तिथेच पडून राहिली. बाटली कोणाकोणाच्या हातांतून आणि कोणत्या परिस्थितीतून इथवर पोहोचली, या तिच्या चरित्राला लिलावाच्या व्यवसायात ‘प्रॉव्हेनन्स’ म्हणतात. मालकीची अशी अखंड साखळी दाखवता आली, तर खरेदीदाराची सगळ्यात मोठी भीती दूर होते. आणि एवढ्या मोठ्या बोलीसाठी शेकडो ग्राहक लागत नाहीत. माघार न घेणारे दोघे पुरतात.

साखळी तुटलेली असेल तर काय होते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ५ डिसेंबर १९८५ चे आहे. लंडनमध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात १७८७ च्या लाफीतची म्हणून सांगितलेली एक बाटली १,०५,००० पौंडांना गेली. तिच्या काचेवर ‘टी एच जे’ या अर्थाची रोमन आद्याक्षरे कोरलेली होती आणि ती थॉमस जेफरसन यांची असल्याचे मानले गेले. जेफरसन त्या काळात अमेरिकेचे फ्रान्समधील राजदूत होते आणि वाइनचे मोठे रसिक होते, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी होती. बाटल्या पुढे आणणारे जर्मन संग्राहक हार्डी रोडेनस्टॉक यांनी त्या पॅरिसमधील एका भिंतीआड बंद झालेल्या तळघरात सापडल्याचे सांगितले, पण ते घर कुठले, हे त्यांनी कधीच उघड केले नाही. जेफरसन यांच्या माँटिचेलो येथील निवासस्थानाच्या अभ्यासकांना सुरुवातीपासून शंका होती, कारण जेफरसन खर्चाची आणि खरेदीची अतिशय बारीक टिपणे ठेवत आणि त्या टिपणांत या बाटल्यांचा मेळ लागत नव्हता. फोर्ब्स कुटुंबाने विकत घेतलेली ती बाटली प्रदर्शनात प्रखर दिव्याखाली उभी ठेवली गेली. उष्णतेने बूच सुकले, आकसले आणि आत पडले. दोनशे वर्षे जपल्याचे सांगितले गेलेले काचपात्र काही महिन्यांच्या प्रकाशाने निकामी केले.

याच मालिकेतील चार बाटल्या बिल कोच या अमेरिकी उद्योगपतींकडे होत्या. त्यांच्या संग्रहाचे प्रदर्शन बॉस्टनमध्ये भरायचे ठरले, तेव्हा संग्रहालयासाठी कागदपत्रे जमवताना त्यांच्या लक्षात आले, की या बाटल्यांमागे भक्कम पुरावा असा काहीच नाही. त्यांनी तपासनीस नेमले. काचेतील द्रवात सीझियम-१३७ आहे का, हे बाटली न उघडता मोजण्याची एक पद्धत आहे. हा किरणोत्सारी पदार्थ अणुस्फोटांतून निर्माण होतो आणि १९४५ पूर्वी तो निसर्गात नव्हता, म्हणून त्यानंतरच्या द्राक्षांत तो सापडतो, आधीच्या द्राक्षांत सापडत नाही. कोच यांच्या बाटलीत तो आढळला नाही. पण त्यावरून एवढेच ठरते, की वाइन १९४५ च्या आधीची आहे. ती १७८७ ची आहे, हे सिद्ध होत नाही. निर्णायक धागा मिळाला तो कोरीव अक्षरांत. ती विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरलेली असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले, आणि अठराव्या शतकात असे हत्यार असणे शक्यच नव्हते. कोच यांनी २००६ मध्ये दावा दाखल केला; रोडेनस्टॉक यांनी आरोप अखेरपर्यंत नाकारले.

मोठी हानी मात्र याहून नव्या काळात झाली. रूडी कुर्नियावान हा मूळचा इंडोनेशियाचा तरुण लॉस एंजेलिसच्या वाइन रसिकांत उठबस करू लागला, अफाट खरेदी करू लागला आणि महागड्या बाटल्या मित्रांना पाजू लागला. त्याची जिभेची पारख खरोखर चांगली होती, आणि हीच त्यातली वेदनादायक बाब आहे. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन लिलावांत त्याच्या संग्रहातील वाइन ३.५ कोटी डॉलरहून अधिक रकमेला विकली गेली. एप्रिल २००८ मध्ये त्याने लिलावासाठी दिलेल्या बाटल्यांत बर्गंडीतील पाँसो घराण्याची, क्लो सँ-दनी या मळ्यातील १९४५ ते १९७१ या काळातल्या वर्षांची वाइन होती. घराण्याचे प्रमुख लोराँ पाँसो यांनी ती यादी वाचली आणि ते चक्रावले, कारण त्यांच्या घराण्याने त्या मळ्याची वाइन करायला सुरुवातच १९८० च्या दशकात केली होती. त्यांनी बाटल्या मागे घ्यायला सांगितले, तेवढ्यावर न थांबता स्वतः न्यूयॉर्कला जाऊन लिलावाला हजर राहिले आणि लॉट मागे घेतले गेल्याची खात्री करून घेतली. बाटली न उघडता, फक्त एका सालाच्या आधारे ती खोटी ठरली. रोमाने-काँतीच्या बाबतीतही तसेच म्हणता येईल: लेबलवर १९४६ ते १९५१ यांपैकी कोणतेही साल दिसले, तर पुढे काही तपासण्याची गरज नाही.

मार्च २०१२ मध्ये एफबीआयने कुर्नियावानच्या कॅलिफोर्नियातील घरावर छापा घातला. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये जुनी लेबले सुटावीत म्हणून बाटल्या भिजत ठेवलेल्या होत्या. घरात छापील लेबलांचे गठ्ठे, जुनी बुचे, रबरी शिक्के, लाख आणि मिश्रणाच्या कृती सापडल्या. स्वस्त पण बऱ्यापैकी जुन्या वाइन एकत्र करून तो नामवंत वाइनची नक्कल बनवत असे. पिऊन झालेल्या अस्सल बाटल्या उपाहारगृहांतून मागवून घेण्याची त्याची सवय होती, आणि त्या कशासाठी लागत होत्या, हे तेव्हा उलगडले. डिसेंबर २०१३ मध्ये तो दोषी ठरला, पुढच्या वर्षी त्याला १० वर्षांची शिक्षा झाली आणि २०२१ मध्ये त्याला अमेरिकेतून परत पाठवण्यात आले.

इतके जाणकार इतकी वर्षे कसे फसले, हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्यांना भोळे म्हणून तो निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते. १९४५ ची रोमाने-काँती आयुष्यात एकदा चाखलेला माणूसही विरळा. मग हातातल्या पेल्याची तुलना करायची कशाशी? शिवाय एकाच पेटीतल्या दोन अस्सल बाटल्यासुद्धा पन्नास वर्षांत वेगवेगळ्या वाटांनी म्हाताऱ्या होतात, त्यामुळे अनोळखी चवीचे स्पष्टीकरण बाटली-बाटलीतला फरक म्हणून देता येते. तिसरे असे, की ज्याने मोठी रक्कम मोजली आहे आणि पाहुण्यांना आग्रहाने पाजली आहे, त्याला आपली बाटली खोटी होती, हे उघडपणे सांगण्यात लाभ काहीच नसतो. बाटली उघडली की पुरावा पोटात जातो.

या प्रकरणांनंतर बाजार बदलला. विक्रेत्याकडे मूळ खरेदीच्या पावत्या मागितल्या जातात आणि थेट उत्पादकाच्या तळघरातून आलेल्या साठ्याला जास्त भाव मिळतो. परीक्षक भिंगाखाली लेबलचा कागद, छपाईचे ठिपके, डिंकाचे डाग, बाटलीच्या तळाची काच आणि बुचावर छापलेले वर्ष पाहतात. युद्धापूर्वीच्या लेबलवर आधुनिक छपाईची जाळी किंवा अतिनील प्रकाशात चमकणारा नवा पांढरा कागद सापडला, तर प्रश्न तिथेच मिटतो. नव्या वाइनसाठी उत्पादक होलोग्राम, चिप आणि फाडल्याशिवाय न निघणाऱ्या पट्ट्या वापरतात. १९८० च्या आधीच्या बाटल्यांना यांतले काहीच लाभलेले नाही, आणि जास्तीत जास्त पैसा त्यांच्यावरच लागतो.

या सगळ्यांहून वेगळा असा एक लिलाव बोन गावात दर नोव्हेंबरात होतो. तिथल्या १४४३ साली स्थापन झालेल्या धर्मादाय रुग्णालयाला शतकानुशतके लोकांनी द्राक्षमळे दान दिले. त्या मळ्यांची वाइन १८५९ पासून लिलावाने विकली जाते आणि पैसे सेवाकार्याला जातात. इथे बाटल्या नसतात. २२८ लिटरची पिंपे विकतात, तीही त्याच शरद ऋतूत काढलेल्या द्राक्षांची, अजून पुरती तयारही न झालेली. वाइन पुढे कशी होईल, हे कोणालाच माहीत नसते, पण ती कोणाची आणि कुठली, याबद्दल तिळमात्र संशय नसतो.

कुर्नियावानकडून जप्त झालेल्या साठ्याचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्यात खऱ्या बाटल्याही होत्या. अमेरिकी मार्शल्स विभागाने तज्ज्ञांकडून एकेक बाटली तपासून घेतली, ज्या अस्सल ठरल्या त्या २०१५ मध्ये ऑनलाइन लिलावात विकल्या आणि ती रक्कम फसवले गेलेल्यांच्या भरपाईसाठी बाजूला ठेवली. खोट्या ठरलेल्या पाचशेहून अधिक बाटल्या त्याच वर्षाच्या डिसेंबरात टेक्सासमध्ये यंत्राखाली चिरडल्या गेल्या, आणि काच पुन्हा वितळवण्यासाठी पाठवली गेली.